मांजरपाट

आमच्या दुकानात बिघडलेलं कापड टाकून देत नाहीत. ज्याने ते कापताना बिघडवलं त्याच्यासाठीच ते शिवून काढतात, जसं कापलं गेलं तसंच, आणि त्याने ते अंगात घालून दुकानात वावरायचं असतं. किती दिवस, तर पुढचा कुणी बिघडवेपर्यंत. गिऱ्हाइकाने विचारलंच, की हा गळा असा वाकडा कसा, तर नजर न चोरता सांगायचं, "मीच कापला." हा नियम माझ्या वडिलांनी केला, माझ्या भावाने पुढे चालवला, आणि त्या कपड्याला आम्ही मानाचा कोट म्हणतो.

नियमाला सूट एकच. मांजरपाट बिघडलं तर ते बिघडलं धरत नाहीत. मांजरपाट म्हणजे ते जाडंभरडं, पिवळट, स्वस्त सुती कापड. भारी कापडाला कात्री लावायच्या आधी आम्ही त्यावर बेतून बघतो, खांदा बसतो का, बाही फिरते का. चुकलं तर चुकलं. त्याची फडकी होतात आणि त्यांनी मशीन पुसतात.

मी मास्तरांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर या दुकानात खिडकीपाशी एक स्टूल मिळालं, तेव्हापासून मी काजं करते. उभं आयुष्य भोकं पाडून त्यांच्या कडा बांधण्यात गेलं, त्यामुळे माझी जीभ जरा तिखट आहे हे मान्य. कात्री मला कधी कुणी दिली नाही. बाईच्या हातात सुई शोभते असं वडील म्हणायचे, आणि मास्तर काही म्हणायचेच नाहीत, फक्त कात्री उचलून वरच्या फळीवर ठेवायचे.

मास्तर म्हणजे माझा थोरला भाऊ. दुकानात त्यांना पोटची पोरंही मास्तरच म्हणत; जिना चढून वर घरात गेलं की बाबा. पोरं दोन. थोरला तिशीचा, धाकटी त्याच्या पाठची. आई लवकर गेली त्यांची. जाताना दोघांना आपली बुटकी बांधणी देऊन गेली, आणि तिथेच सगळं फसलं. कारण आमचं कापायचं टेबल वडिलांच्या उंचीचं. वडील ताडमाड, मास्तरही तसेच. ही दोघं त्या टेबलापाशी उभी राहिली की कोपर खांद्याशी यायचं, आणि त्या अवघडल्या कोपराने ती भलीमोठी लोखंडी कात्री दिवसभर चालवायची. दोघांच्याही उजव्या कोपराला बाहेरच्या बाजूने कळ यायला लागली. आधी थोरल्याला, मग धाकटीला. थोरल्याला दाराची कडी उघडवेना. धाकटीने एकदा पाण्याचा तांब्या उचलला आणि तो तिच्या हातातून सरळ फरशीवर गेला.

मास्तरांनी स्वतः कापणं हळूहळू कमी केलं होतं. डोळे थकले, असं सांगायचे. चहाचा कपही डाव्या हाताने उचलायला लागले होते. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला नखरे सुचतात.

शेवटी आम्ही चौघं हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी का गेले, तर मास्तर म्हणाले, चल. त्यांनी चल म्हटलं की आम्ही चालतो, आमच्या घराची तीच रीत.

बाईंनी दोघांची कोपरं दाबली, मनगटं उलटवून बघितली. थोरला "आई गं" म्हणाला, धाकटीने नुसते ओठ आवळले.

"टेनिस एल्बो," बाई म्हणाल्या.

"आमच्यात कुणी टेनिस खेळत नाही," मास्तर म्हणाले.

"खेळावं लागत नाही. गवंडी, रंगारी, कुणालाही होतो."

मग मास्तरांनी विचारलं की इंजेक्शनं कुठली कुठली असतात आणि त्यांत फरक काय. बाई समजावून सांगणाऱ्यातल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"एक स्टेरॉइडचं. आज दिलं की आठवड्याभरात वाटेल, काही झालंच नव्हतं. महिना-दीड महिना मजेत जातो. मग बऱ्याच जणांचं दुखणं परत येतं, आणि वर्षाने बघितलं तर ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यापेक्षा यांचीच अवस्था वाईट निघते. पुन्हा पुन्हा घेतलं तर आतला स्नायूचा दोर कमजोर होतो."

"आणि दुसरं?"

"दुसरं तुमच्याच रक्ताचं. रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर जे पिवळं पाणी येतं ते दुखऱ्या जागी टोचायचं. आधी दुखणं वाढतं. गुण यायला महिने लागतात. पण आला तर टिकतो, असं काही अभ्यास म्हणतात."

"काही?"

"बाकीचे म्हणतात, नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी तेवढाच गुण येतो."

"म्हणजे तुम्हालाही नक्की ठाऊक नाही."

"मला एवढं ठाऊक आहे की तुम्ही सांगता ते कापायचं टेबल चार बोटं खाली घ्या, दोन-तीन महिने कात्री बाजूला ठेवा आणि मी सांगते ते व्यायाम करा. बहुतेक हात त्यानेच सुधारतात."

मास्तर हसले. "हात टेबलाला जुळवायचा असतो, बाई. टेबल हाताला नाही." मग म्हणाले, "आमचे एक गिऱ्हाईक आहेत, वयस्क. त्यांनाही असंच आहे. त्यांनी कुठलं घ्यावं?"

"त्यांना पाठवा माझ्याकडे. माणूस बघितल्याशिवाय कसं सांगू?"

मास्तरांनी मान डोलावली आणि निकाल दिला. थोरल्याला स्टेरॉइड, धाकटीला रक्ताचं. कापडाचे दोन तुकडे दोन कारागिरांना वाटून द्यावेत तसं. बाईंनी दोघांकडे बघून विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय हवंय?" ही तिशीची माणसं, पण दोघांनीही वळून बापाकडे बघितलं.

परत येताना रस्त्यातच मास्तरांनी दुसरी गोष्ट जाहीर केली. दीड महिन्याने दोघांनी एकेक कोट कापायचा, एकाच ठाणातला. ज्याचा चांगला, टेबल त्याचं. "मी कात्री खाली ठेवली," म्हणाले. "आता जो हात टिकेल त्याची."

धाकटी चालता चालता थबकली. तिला ते टेबल किती हवं होतं हे सांगायला मला वेगळे शब्द लागत नाहीत. मला स्वतःला ते तेवढंच हवं होतं, एके काळी. दुसऱ्या मोठ्या दुकानाने तिला बोलावलं होतं, चांगल्या जागेवर, तरी ती गेली नाही. तिला हेच टेबल हवं, याच कात्रीने. थोरल्याला टेबलाची हाव नव्हती. पण पाळण्यात असल्यापासून त्याला सांगितलेलं, हे तुझं, आणि सांगितलेलं कुणी काढून घेतलं की माणसाला ते हवंसं वाटायला लागतं.

वर गेल्यावर मी मास्तरांना गाठलं. "अण्णा, मुलाला लगेच बरं करणारी सुई आणि मुलीला रडवणारी. दीड महिन्यात तिचा हात बरा होणार नाही, हे तुला कळतंय. शर्यत लावलीस ती कुणी जिंकायची ते ठरवूनच ना?"

"तू काजं कर," ते म्हणाले.

मला वाटलं, आपण चोर पकडला. मुलगा तो मुलगा, मुलगी ती परक्याची, नेहमीचंच रडगाणं. मी चुकीच्या चोराच्या मागे लागले होते हे कळायला वर्ष जावं लागलं.

थोरल्याचा हात खरंच चार-पाच दिवसांत बरा झाला. तो कात्री हवेत उडवून झेलायला लागला. बहिणीला म्हणायचा, "दुखतंय का गं? मला तर आठवतही नाही कुठलं कोपर होतं ते." दुष्ट नव्हता, हलका होता. दुखणं गेलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुखणं हा विनोद वाटतो. इकडे धाकटीचा हात सुजून तापायचा. रात्री उशीखाली, दिवसा पोटाशी. केस विंचरायला ती माझ्यापुढे येऊन बसायची आणि मी विंचरता विंचरता म्हणायचे, सोडून दे, पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी टेबल दादाचं असेल," ती म्हणायची.

दिवस आला. गडद निळं लोकरीचं ठाण, त्यातले दोन तुकडे, दोन गिऱ्हाइकं, दोन्ही मापं जवळजवळ सारखी. मास्तर खुर्चीत बसले, उजवा हात मांडीवर ठेवून. थोरल्याने आधी कापला. कात्री अशी चालली की कचकच असा एकसारखा आवाज, मध्ये कुठे खंड नाही. मग धाकटी. पाठ कापली, बाह्या कापल्या, उजवा पुढचा भाग कापला. घाम हनुवटीवरून कापडावर पडू नये म्हणून ती मध्ये मध्ये खांद्याला तोंड पुसत होती. डाव्या भागाच्या गळ्याशी वळण आलं आणि तिथे तिचं कोपर गेलं. कात्री बोटभर खोल घुसली. तिने कात्री काढली, राहिलेली रेघ पुरी कापली आणि तुकडे घडी घालून मास्तरांपुढे ठेवले.

मास्तरांनी घडी उलगडून बघितलीसुद्धा नाही. "शिवायला घ्या," म्हणाले.

कोट झाला. पुरुषी मापाचा, तिच्या गुडघ्यांपर्यंत येणारा, डावीकडचा गळा ओघळलेला. त्याची काजं मी केली. तो नियमच आहे, मानाच्या कोटालाही काजं लागतात. धाकटी तो घालून माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि काजं शिकली. गिऱ्हाइकं विचारायची. "मीच कापला," ती सांगायची, प्रत्येकाला, स्पष्ट. टेबल थोरल्याचं झालं. त्याने पहिल्या दिवशी टेप गळ्यात टाकून आरशात बघितलं.

तिसऱ्या महिन्यात त्याचं कोपर परत बोलायला लागलं.

तो आधी लपवत होता. मग मास्तरांच्या ते लक्षात आलं. ते बाकी काही नाही तरी दुसऱ्याचा हात बघत असत, सारखा, आणि अधूनमधून धाकटीलाही उभं करून विचारत, "मूठ आवळ. तांब्या उचल. दुखतंय?" मला त्यात माया दिसली. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं, म्हटलं बाप म्हातारपणी विरघळला.

थोरल्याला डॉक्टरीणबाईंनी कुरकुरत दुसरं स्टेरॉइड दिलं आणि बजावलं, हे शेवटचं. त्याचा गुण पहिल्याच्या निम्म्या दिवसांतच उतरला. तिसऱ्यासाठी मास्तर त्याला गल्लीतल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले; तो विचारपूस न करता टोचणाऱ्यांतला होता. थोरल्याच्या कोपरावर एक पांढुरका डाग उमटला आणि तिथली कातडी आत बसली, पिकल्या फळावर अंगठा दाबावा तशी. "मास्तर, चार दिवस सुट्टी देता?" त्याने एकदा विचारलं. "टेबलाला सुट्टी नसते," मास्तर म्हणाले. तो कापत राहिला. एका कोटाचा खांदा बिघडवला, तेव्हा धाकटीने आपला कोट उतरवून खुंटीला लावला आणि थोरल्याने स्वतःचा चढवला. बहिणीने त्याला चिडवलं नाही. तेवढी ती त्याच्याहून भारी.

मग एक दिवस जाड कापडाच्या दोन घड्या एकदम कापताना त्याच्या कोपरात काहीतरी तटकन तुटलं. आवाज मला ऐकू आला, खिडकीपाशी. कात्री टेबलावरून खाली गेली. ऑपरेशन झालं, महिनाभर हात झोळीत राहिला, आणि शेवटी बाईंनी सांगितलं की हाताने जेवाल, सही कराल, पण जड कात्री विसरा. मास्तरांनी त्याला इस्त्रीवर बसवलं. डाव्या हाताने इस्त्री करायची. तो अजूनही मानाच्या कोटातच होता, कारण त्याच्यानंतर कुणी काही बिघडवलं नव्हतं. बिघडवणार कोण, टेबलच रिकामं होतं.

धाकटीचा हात तोवर पार बरा झाला होता. ती पाण्याची भरलेली बादली उचलून जिना चढायची. तिने मास्तरांना विचारलं, "मी उभी राहू टेबलाशी?"

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "उद्या आत्याला घेऊन जरा बाहेर जाऊन येतो."

बाहेर म्हणजे डॉक्टरीणबाईंकडे. मी म्हटलं, पोराच्या हाताचं विचारायचं असेल. मास्तर खुर्चीत बसले, उजव्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात टेबलावर ठेवला.

"मला रक्ताचं द्या," म्हणाले.

बाईंनी कोपर दाबलं. मास्तर खुर्चीवरून अर्धे उठले. "हे किती दिवसांचं आहे?"

"पोरांच्या आधीपासूनचं."

डावा हात, चहाचा कप, मांडीवर ठेवलेलं मनगट, ते वयस्क गिऱ्हाईक. या माणसाने वर्षानुवर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती. मी तिथल्या तिथे घट्ट बसून राहिले, कारण उठले असते तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

मास्तर मात्र शांतपणे समजावत होते, अगदी गिऱ्हाइकाला अस्तर समजावतात तसं. "दोघांवर दोन सुया बघितल्या. मुलाची आधी चांगली वाटली, मग हात गेला. मुलीच्या सुईने आधी त्रास दिला, पण गुण टिकला. म्हणून मुलीची द्या."

बाईंनी विचारलं, "मुलगी वर्षभर काय करत होती?"

"काजं."

"म्हणजे कात्री धरली नाही."

"नाही."

"आणि मुलगा?"

"कापत होता. टेबल त्याचं होतं."

"मग तुम्ही दोन सुया कुठे बघितल्या? एक हात राबत होता, एक हात बसला होता. मुलगी रक्ताने बरी झाली असेल, आरामाने झाली असेल, दोन्हीने झाली असेल. मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. त्यात ती तरुण. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, टेबल खाली घ्या आणि कात्री ठेवा. तीन हात वाचले असते."

कापडाचा एकेक सूत पारखणारा माणूस. दोन नमुने ताडून बघायचे तर दोन्ही एकाच ठाणातले घ्यावेत हे त्यानेच आम्हाला शिकवलेलं. मला वाटलं, आता तरी तोंडात मारल्यासारखा होईल. पण तो म्हणाला, "द्या तुम्ही." बाईंनी दिलं, आणि निदान तीन महिने कात्रीला हात लावायचा नाही, असं दोनदा बजावलं.

दुकानात आल्यावर मी तोंड उघडलंच. दोघांच्या समोर, सगळं सांगितलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्या घरात बापाने पोरं पुढे ढकलली आणि स्वतः मागे उभा राहिला. थोरल्याच्या हातातली इस्त्री कापडावर तशीच राहिली. वास सुटला तेव्हा त्याने ती उचलली.

"मग ती शर्यत?" त्याने विचारलं. "टेबल?"

"टेबल माझंच आहे," मास्तर म्हणाले. "दोघांनी मन लावून सुया घ्याव्यात म्हणून काहीतरी बोलावं लागतं. भारी कापड कापायच्या आधी काय करतात? मी शिकवलंय तुम्हाला."

थोरल्याने बाही वर केली. तो पांढुरका खड्डा, त्याच्याखाली टाक्यांची रेघ. "आणि हे?"

मास्तरांनी बघितलं. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "मांजरपाट बिघडलं तर ते बिघडलं धरत नाहीत," म्हणाले.

धाकटी काज करत होती. तिने दोरा तोडला आणि दुसरं काज धरलं. मला तिचा राग आला, तिने काहीतरी बोलायला हवं होतं, निदान रडायला. मला त्या माणसाचा एवढा तिरस्कार वाटला की सुई बोटात गेलेली मला कळली नाही. त्याच्याच पोटी या दोघांनी जन्म घेतला, आणि त्याच्याच पाठीवर मी.

मास्तरांनी तीन महिने कुठले थांबायला. रक्ताच्या सुईने कोपर सुजलं होतं, तरी त्यांना घाई. मुलगी एकदा टेबलाशी उभी राहिली की तिला तिथून हलवायचं कसं, ही खरी धास्ती. आणि नेमके तेव्हाच आमचे जुने गिऱ्हाईक न्यायाधीश साहेब आले, काळं लोकरीचं कापड घेऊन, परदेशातून आणवलेलं. "मास्तर, तुम्हीच कापायचं," म्हणाले. मास्तर फुलले. मांजरपाटावर बेतून बघितलं, खांदा बसला, बाही फिरली. मग त्यांनी काळं कापड टेबलावर पसरलं.

कात्रीचा आवाज आम्ही तिघंही मान वर न करता ऐकत होतो. शिंपी माणसं असंच ऐकतात. कचकच चाललं होतं, जरा संथ. पाठीच्या मधोमध आल्यावर आवाज थांबला आणि मग एक लांब, चुकीचा आवाज आला.

धाकटी उठली. टेबलाशी गेली. काळ्या पाठीत कात्री आडवी घुसली होती, वीतभर. मास्तरांचं कोपर थरथरत होतं आणि ते डाव्या हाताने दाबून धरायचा प्रयत्न करत होते. ती कापडाकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "शिवायला घेऊ?"

ते नाही म्हणू शकले असते. मालक तेच. पण नियम वडिलांचा होता, आणि इतकी वर्षं त्यांनी तो दुसऱ्यांच्या अंगावर चढवला होता. कारागिरांसमोर, पोरांसमोर, गिऱ्हाइकांसमोर. त्यांनी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. धाकटीने तो उचलून आपल्या गळ्यात टाकला.

पाठीला आडवी शिवण मारून तिने कोट पुरा केला. काजं मी केली, आणि आयुष्यात इतकी सुबक काजं मी कधी केली नव्हती. घालायच्या वेळी मास्तरांचा उजवा हात बाहीत वर जाईना. "जरा हात दे रे," ते थोरल्याला म्हणाले. थोरल्याने आधी स्वतःच्या अंगातला कोट काढला, नीट घडी घातली, आणि मग डाव्या हाताने बापाची बाही ओढली. ओढताना तो हळुवार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. टेबलाचे चारही पाय धाकटीने खूण केली तिथे कापले गेले. भुसा मीच झाडला. न्यायाधीशांना तसंच कापड आणवून दिलं, तिनेच कापलं, आणि साहेब आता तिचंच नाव घेतात.

याला पुष्कळ दिवस झाले. मास्तर रोज सकाळी खाली येतात, तो कोट चढवतात आणि टेबलाशी उभे राहतात. बसत नाहीत. तिची कात्री बघत राहतात, डोळ्यात तेल घालून, की आता चुकेल, या वळणावर चुकेल. उन्हाळ्यात त्या काळ्या लोकरीत त्यांचं अंग भिजून जातं. गिऱ्हाईक विचारतं, पाठीला हे काय, आणि ते सांगतात, "मीच कापला." हल्ली कुणी न विचारताही सांगतात. कोपर काही बरं झालं नाही, ना रक्ताने ना आरामाने. थोरला इस्त्री करता करता कधी कधी मुद्दाम ओरडतो, "मास्तर, कोट चुरगळलाय, आणा इकडे." आणि ते आणून देतात.

तिने अजून एकही कापड बिघडवलेलं नाही.

परवा ते उभ्या उभ्या झोकांडी खाऊन खिडकीच्या गजाला धरून राहिले. माझा भाऊच तो. मी त्याला शिव्या देत आले तरी पाण्याचा पेला मीच नेला. दुपारी तो वर जाऊन पडला तेव्हा मी धाकटीजवळ गेले. ती कसलीशी खूण करत होती, समोर मांजरपाटाचा एक तुकडा पसरलेला, पिवळट, कुणाच्याही मापाचा नसलेला.

"पोरी," मी हळूच म्हटलं, "हा एवढासा तुकडा वाकडा काप. मुद्दाम. तू घाल दोन दिवस, कुणाला काय कळतंय? त्याच्या अंगावरचं उतरेल तरी."

तिने कात्री उचलली. टेबल आता तिच्या मापाचं आहे, कोपर कसं सैल राहतं. थोरल्याची इस्त्री थांबली होती, तोही ऐकत होता.

"मांजरपाट बिघडलं तर ते बिघडलं धरत नाहीत, आत्या," ती म्हणाली, आणि रेघेवरून सरळ कापत गेली.